खोट्या नावाने दिलेला दुवा

काही महिन्यांपूर्वी आमच्या संपादकीय कार्यालयाकडे एक प्रस्ताव आला. आपले संकेतस्थळ शोधयंत्रात फार खाली सापडते, ते आम्ही पहिल्या पानावर आणून देऊ, असे पत्र पाठवणाऱ्या व्यावसायिकाने मोठ्या आर्जवाने लिहिले होते. त्यासाठी निरनिराळ्या समाजमाध्यमांवर पाचशे प्रोफाइल तयार केली जाणार होती. प्रत्येक प्रोफाइलला नाव, छायाचित्र, दोन ओळींचा परिचय आणि त्या परिचयाखाली आपल्या संकेतस्थळाचा दुवा असेल. मोबदला काही हजार रुपये. पत्राच्या शेवटी एक आश्वासनही होते: नावे आणि आडनावे आपल्या भागातीलच वाटतील याची पूर्ण काळजी घेतली जाईल.

हे शेवटचे वाक्य आम्ही दोनदा वाचले.

प्रसारमाध्यम समितीच्या बैठकीत प्रस्ताव मांडला तेव्हा मतभेद झाले, आणि ते होणे स्वाभाविक होते. एका ज्येष्ठ सभासदाचे म्हणणे असे की, मिस्साची वेळ, विवाहपूर्व मार्गदर्शन किंवा एखाद्या संताचे चरित्र शोधणाऱ्या माणसाला आपले पान सापडतच नसेल, तर आपण लिहायचे तरी कोणासाठी? सगळेच असे करतात, आपण तर शुभवर्तमानासाठी करणार आहोत. दुसरा एक तरुण सभासद थोडक्यात म्हणाला, "हे बोगस मतदान झाले." त्या दिवशी निर्णय झाला नाही. त्यानंतर आम्ही जे वाचले आणि ज्यावर विचार केला, ते वाचकांपुढे ठेवणे आम्हाला आवश्यक वाटते, कारण असे प्रस्ताव आता धर्मग्रामांच्या संकेतस्थळांनाही येऊ लागले आहेत.

'बोगस मतदान' हा शब्द त्या तरुणाने सहज वापरला असला, तरी तो अगदी नेमका आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे दोन विद्यार्थी, लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन, यांनी 1998 साली आपली शोधपद्धती प्रसिद्ध केली. तिचा गाभा असा होता की, एका पानावरून दुसऱ्या पानाकडे जाणारा दुवा म्हणजे त्या दुसऱ्या पानाच्या बाजूने दिलेले मत समजावे. ज्या पानाला अधिक मते आणि तीही प्रतिष्ठित पानांची, ते पान वर. गूगलचा पाया या कल्पनेवर उभा राहिला. आज शोधयंत्रे इतर कितीतरी गोष्टी विचारात घेतात, पण दुव्याचे मोल संपलेले नाही. आणि जिथे मताला मोल आहे तिथे मते विकत मिळू लागतात, हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगायला नको.

मते विकणारे आले तसे मतपत्रिका तपासणारेही आले. 2005 सालच्या जानेवारीत गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या शोधयंत्रांनी एक खूण मान्य केली. ही खूण ज्या दुव्याला लावलेली असेल, त्याला मत म्हणून धरायचे नाही. बहुतेक मोठ्या समाजमाध्यमांनी आपल्या सभासदांच्या दुव्यांना ती लावून टाकली. 2012 सालच्या एप्रिलमध्ये गूगलने कृत्रिम दुव्यांवर वाढलेली संकेतस्थळे खाली ढकलणारा मोठा बदल केला. त्याला 'पेंग्विन' हे नाव मिळाले. 2019 साली विकत घेतलेल्या दुव्यांसाठी वेगळी आणि वापरकर्त्यांनी टाकलेल्या दुव्यांसाठी वेगळी अशा आणखी दोन खुणा आल्या. तात्पर्य असे की, पाचशे प्रोफाइलांपैकी बहुतेकांचे दुवे मोजलेच जाणार नाहीत आणि जे मोजले जातील ते उद्या आपल्याच अंगावर येऊ शकतात. देवळाच्या पेटीतले पैसे यावर खर्च करणे हा साधा अव्यवहार आहे.

पण आम्ही या कारणाने नकार देऊ इच्छित नाही. उद्या एखादी अशी युक्ती निघाली की जी कधीच पकडली जाणार नाही, तर मग आपण ती वापरायची का? चोरी पकडली जाते म्हणून चोरी करू नये, असे शिकवणारा धर्मशिक्षक आपण मुलांसाठी नेमणार नाही.

या व्यवहारात काम देणारा नेहमी एक पाऊल मागे उभा असतो, हेही पाहिले पाहिजे. अमेरिकेतील जे. सी. पेनी ही मोठी दुकानसाखळी एका नाताळच्या हंगामात कपड्यांपासून सतरंज्यांपर्यंत कशाचाही शोध घेतला तरी सर्वांत वर दिसत होती. न्यू यॉर्क टाइम्सने 2011 सालच्या फेब्रुवारीत त्याचे कारण छापले. ज्यांचा कपड्यांशी काडीचा संबंध नाही अशा हजारो पानांवर तिचे दुवे पेरलेले होते. गूगलने तिला खाली आणले. कंपनीने सांगितले की आम्हाला याची माहिती नव्हती, आणि शोधयंत्राचे काम पाहणाऱ्या सल्लागार संस्थेला काढून टाकले. खरे-खोटे देव जाणे. परंतु 'आम्हाला फक्त वरचा क्रमांक हवा, तुम्ही तो कसा आणता ते सांगू नका' अशी व्यवस्था करणारा माणूस निष्पाप राहत नाही. मजुराकडून दुसऱ्याच्या शेतातला बांध कोरून घेणाऱ्या मालकाला गाव ओळखून असते.

आता त्या पाचशे माणसांकडे वळू. ही माणसे कोण?

काही अगदीच काल्पनिक असतात. पूर्वी त्यांच्यासाठी कोठून तरी छायाचित्र उचलावे लागे. आता कृत्रिम बुद्धिमत्ता क्षणार्धात असा चेहरा बनवून देते की जो पृथ्वीवर कोणाचाच नाही. पण सगळेच चेहरे असे निर्मनुष्य नसतात. 2018 सालच्या जानेवारीत न्यू यॉर्क टाइम्सने देवुमी नावाच्या अमेरिकन कंपनीचा व्यवहार उघडकीस आणला. ती ट्विटरवरील अनुयायी विकत असे. तिच्या साठ्यातील किमान 55 हजार खात्यांवर खऱ्या माणसांची नावे, छायाचित्रे आणि गावे वापरलेली होती, आणि त्यांत अल्पवयीन मुलेही होती. या मुलांना आपला चेहरा कोणाच्या जाहिरातीखाली लागला आहे याची कल्पनाही नव्हती. 2019 साली अमेरिकेच्या व्यापार आयोगाने त्या कंपनीशी 25 लाख डॉलरच्या दंडाची तडजोड केली, आणि 2024 साली समाजमाध्यमांवरील असा बनावट प्रभाव विकण्यास व विकत घेण्यास मनाई करणारा नियमच केला. आपल्याकडे 2020 सालच्या जुलैमध्ये मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेने बनावट अनुयायी विकणाऱ्यांचा तपास हाती घेतला. त्याची सुरुवात एका गायिकेच्या तक्रारीने झाली होती. तिच्या नावाने कोणीतरी खोटे खाते चालवत होते. माहिती तंत्रज्ञान कायद्यात 2008 सालच्या दुरुस्तीने आलेले 66-ड हे कलम संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसवणूक करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद सांगते.

हे व्यवहार अनुयायांचे होते, दुव्यांचे नव्हते, असे कोणी म्हणेल. पण खोटा माणूस एकदा तयार झाला की तो अनुयायी म्हणून विकता येतो, अभिप्राय लिहिणारा म्हणून विकता येतो आणि दुवा देणारा म्हणूनही. सभेला ट्रकमधून आणलेल्या माणसांच्या हातात सकाळी एक झेंडा असतो आणि संध्याकाळी दुसरा, तसेच हे. फरक एवढाच की त्या ट्रकमधल्या माणसांना निदान जेवण मिळते.

आपल्या भाषेत 'दुवा' हा शब्द दोन अर्थांनी येतो. एक सांधणारी कडी, दुसरा आशीर्वाद. संगणकाच्या मराठीत पहिला अर्थ रूढ झाला, पण दुसराही अगदीच दूरचा नाही. कोणी आपल्या नावाखाली एखाद्या पानाचा पत्ता देतो तेव्हा तो सांगत असतो की मी हे पाहिले आहे, मला ते चांगले वाटले, तुम्हीही जा. ही साक्ष आहे. मग ज्याने काही पाहिले नाही, ज्याला काही वाटले नाही, किंबहुना जो जन्मालाच आला नाही, त्याच्या तोंडून ती वदवणे ही खोटी साक्ष होते. आठव्या आज्ञेचा विचार करताना आपल्यासमोर बहुधा न्यायालय आणि शेजाऱ्याची निंदा एवढेच येते. ती आज्ञा येथपर्यंतही पोहोचते.

"पण हे शुभवर्तमानासाठी आहे" हा आमच्या ज्येष्ठ सभासदाचा मुद्दा मात्र हलका नाही, आणि तो नवाही नाही. इसवी सन 420 च्या सुमारास कॉन्सेन्शियस नावाच्या एका गृहस्थाने संत ऑगस्टीन यांना असाच प्रश्न विचारला होता. त्या काळी स्पेनमध्ये प्रिसिलियनपंथी लोक होते. आपला पंथ लपवण्यासाठी खोटे बोलणे त्यांना पाप वाटत नसे. ते बाहेरून कॅथोलिक म्हणून वावरत. त्यांना शोधून काढायचे कसे? काही उत्साही कॅथोलिकांनी तोड काढली की आपणही त्यांच्यापैकीच असल्याचे सोंग घ्यावे, त्यांच्यात मिसळावे आणि त्यांना उघडे पाडावे. आजच्या शब्दांत सांगायचे तर त्यांनी श्रद्धेच्या रक्षणासाठी बनावट प्रोफाइल उघडायचे ठरवले होते. हेतू चांगला, शत्रू खोटारडा, काम तातडीचे.

ऑगस्टीन यांनी उत्तरादाखल 'असत्याविरुद्ध' हा आख्खा ग्रंथ लिहिला आणि स्पष्ट नकार दिला. त्यांच्या विवेचनातील दोन गोष्टी आम्हाला या प्रश्नी मोलाच्या वाटतात. पहिली अशी की, चांगल्या हेतूने खोटे बोलणे एकदा मान्य केले तर चांगल्या हेतूने केलेली चोरीही मान्य करावी लागेल. मग श्रीमंताच्या घरी दरोडा घालून गरिबाला दान देणाऱ्यालाही आपण अडवू शकणार नाही. चांगले घडावे म्हणून वाईट करू नये, ही संत पौलाची रोमकरांस पत्रातील शिकवण त्यांच्या डोळ्यांपुढे होती. दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. धर्माच्या बाबतीतच जर आम्ही खोटे बोलू लागलो, तर धर्माविषयी आम्ही जे शिकवतो त्यावर विश्वास कोण ठेवील? दुकानदाराने एका मालाविषयी खोटे सांगितले तर ग्राहक दुसऱ्या दुकानात जाईल. ख्रिस्तसभेपाशी विकायला माल नाही. तिच्यापाशी फक्त साक्ष आहे. प्रभू येशू मेलेल्यांतून उठला हे आपल्याला काही साक्षीदारांच्या शब्दावरून कळले. ते साक्षीदार नाव असलेली, ओळखता येणारी माणसे होती, आणि त्यांच्यापैकी अनेकांनी त्या शब्दाची किंमत प्राणांनी मोजली. त्याच साक्षीचा प्रसार पाचशे अस्तित्वात नसलेल्या माणसांकडून करवून घ्यायचा?

ऑगस्टीन यांच्या मनालाही हा निर्णय सोपा गेला नसावा. माणसाच्या जिवावर बेतते तेव्हा काय, हा प्रश्न त्यांना छळत होता आणि त्यांनी तो टाळला नाही. आमच्यापुढे तर कोणाच्या जिवाचा प्रश्न नव्हता. प्रश्न होता तो शोधयंत्राच्या दुसऱ्या पानावरून पहिल्या पानावर जाण्याचा.

रोमकडून या विषयावर मार्गदर्शन नाही असेही नाही. 2002 सालच्या फेब्रुवारीत सामाजिक संपर्कासाठी असलेल्या परमधर्मपीठीय परिषदेने इंटरनेटमधील नीतिमत्तेवर स्वतंत्र दस्तऐवज काढला. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी 2011 सालच्या जागतिक संपर्कमाध्यम दिनाच्या संदेशात स्वतःचे कृत्रिम सार्वजनिक रूप रचण्याच्या मोहापासून सावध केले होते, आणि सत्याचे मोल त्याच्या लोकप्रियतेवर ठरत नाही असेही सांगितले होते. 2023 सालच्या मे महिन्यात आलेले समाजमाध्यमांवरील पाळकीय चिंतन दयाळू शमरोनी माणसाच्या दाखल्यावर आधारलेले आहे आणि त्याचा सारा भर खऱ्या उपस्थितीवर आहे. 2025 साली पोप लिओ चौदावे यांनी तर आपली कृत्रिम प्रतिकृती बनवण्याची परवानगी नाकारल्याचे एका मुलाखतीत सांगितले. लोकांना संगणकावर 'पोपभेट' घडवून द्यावी, अशी ती योजना होती. पोपची प्रतिकृती चालत नसेल तर परगावच्या अमुक आडनावाच्या मावशींची कशी चालेल?

मग करायचे काय? समाजमाध्यमांपासून दूर राहायचे का? मुळीच नाही. धर्मग्रामाने स्वतःच्या नावाने फेसबुक, यूट्यूब किंवा इन्स्टाग्रामवर खाते उघडावे, ते नियमित चालवावे आणि तेथे आपल्या संकेतस्थळाचा पत्ता द्यावा. यात गैर काहीही नाही. वाचकांनी एखादा लेख आवडला तर आपल्या खऱ्या नावाने तो इतरांना पाठवावा, आणि तसे करा अशी विनंती आम्हीही उघडपणे करू. विनंती केल्याने साक्ष खोटी होत नाही. पण विनंती आणि सक्ती यांतील अंतर राखले पाहिजे. दृढीकरणाच्या तयारीला बसलेल्या मुलांना 'उद्यापर्यंत प्रत्येकाने दुवा टाकून त्याचा पुरावा दाखवा' असे सांगितले गेल्याचे आमच्या कानी आले आहे. शिकवणाऱ्यांचा उत्साह आम्ही समजू शकतो. तरीही ते बरोबर नव्हे.

याहून अवघड प्रश्न रिकाम्या खात्यांचा आहे. शंभर ठिकाणी धर्मग्रामाच्याच खऱ्या नावाने नोंद करायची, दुवा ठेवायचा आणि पुन्हा तिकडे कधी फिरकायचे नाही. यात नाव खोटे नाही, पत्ता खोटा नाही. आम्ही बराच काळ याला निरुपद्रवी समजत होतो. पण अशा एखाद्या खात्यावर कोणी रात्री अपरात्री दोन ओळी लिहितो, आई अत्यवस्थ आहे, फादर येऊ शकतील का, आणि ते वाचायला कोणी नसते. दारावर पाटी आणि आत माणूस नाही, असे घर ख्रिस्तसभेने बांधू नये. जितकी दारे उघडी ठेवता येतील तितकीच पाटी लावावी.

हे सर्व लिहीत असताना एक तरुण आम्हाला भेटायला आला. तो आपल्याच धर्मप्रांतातला, पदवीधर, घरचा एकुलता कमावता. घरी बसून तो हेच काम करतो. नगावर पैसे मिळतात. जितकी प्रोफाइल, तितके रुपये. तो म्हणाला, "फादर, मी कोणाला फसवत नाही. नावांची यादी ते देतात, फोटो ते देतात. मी फक्त टाइप करतो."

सेमिनरीत आम्हाला संत आल्फोन्सस लिगोरी यांच्या परंपरेतून दुसऱ्याच्या पापातील सहभागाचे प्रकार शिकवले होते. ज्याला तो हेतूच मान्य आहे त्याचा सहभाग वेगळा. ज्याला तो मान्य नाही, पण पोटासाठी ज्याचा हात त्या कामाला लागतो, त्याचा वेगळा. हात कामाच्या किती जवळ आहे, गरज किती मोठी आहे, दुसरा मार्ग आहे का, हे सारे पाहावे लागते. या तरुणाचा हात कामाच्या फार जवळ आहे, हे त्याला सांगणे भाग होते. पण त्याला नगावर काही रुपये देणारा, त्याच्यावरचा दलाल आणि पहिले पान विकत मागणारा ग्राहक यांचा वाटा त्याच्याहून मोठा आहे, हेही आम्ही त्याला सांगितले. उद्यापासून सोड, असे म्हणणे आमच्या तोंडून निघाले नाही. त्याच्या घरचे भाडे आम्ही भरणार नव्हतो. खऱ्या माणसांची छायाचित्रे असलेले काम आधी नाकार आणि दुसरे काम शोध, आम्हीही शोधतो, एवढे बोलून त्याला निरोप दिला.

तो आठवड्याने परत आला तो वेगळेच घेऊन. त्याने सवयीने आमचे संकेतस्थळ तपासले होते. आमच्या 'इतर संकेतस्थळे' या पानावर एका धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवाचा दुवा कित्येक वर्षे होता. महोत्सव संपला, समिती विसर्जित झाली, वार्षिक शुल्क कोणी भरले नाही आणि तो पत्ता दुसऱ्याने विकत घेतला. आता तेथे पैसे लावून खेळायच्या जुगाराची जाहिरात आहे. अशा जुन्या पत्त्यांना पूर्वीच्या प्रामाणिक दुव्यांमुळे वजन असते, म्हणून ते मुद्दाम विकत घेतले जातात. गूगलने 2024 सालच्या मार्चमध्ये या प्रकाराविरुद्ध नियम केला, तेव्हा दिलेल्या उदाहरणांत प्राथमिक शाळेच्या जुन्या पत्त्यावर उघडलेला कॅसिनोही होता. 2025 सालच्या ऑगस्टमध्ये आपल्या संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला. आणि आमचे पान, धर्मप्रांताच्या नावाने, वाचकांना तिकडे पाठवत होते. त्यासाठी कोणी आम्हाला पैसे दिले नव्हते. आम्ही फक्त पाहिले नव्हते.

तो दुवा त्याच दिवशी काढला. बाहेरून आलेला प्रस्ताव समितीने पुढच्या बैठकीत एकमताने नाकारला. संकेतस्थळ असलेल्या सर्व धर्मग्रामांना आम्ही पत्रे पाठवली असून पत्त्याचे नूतनीकरण कोणत्या तारखेला आहे आणि ते कोणाच्या नावावर आहे, हे महिनाअखेरपर्यंत कळवावे अशी विनंती केली आहे. त्या सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेच्या मलपृष्ठावर मात्र तो जुना पत्ता ठळक अक्षरांत छापलेला आहे, आणि त्या स्मरणिका घरोघरी कपाटांत आहेत. ज्यांच्याकडे प्रत असेल त्यांनी तो पत्ता पेनाने खोडावा आणि घरातील मुलांना त्याचे कारण सांगावे.